घरच्या सर्व्हरसाठी व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर कसे निवडावे

एकाच लहान संगणकावर कुटुंबाच्या छायाचित्रांचा साठा, सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग, होमस्टेचा हिशेब ठेवणारे विंडोज आणि दिवे-पंप चालवणारे होम असिस्टंट अशी चार वेगळी कामे नांदवायची असतील, तर प्रत्येक कामाला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला वेगळा संगणक, देणे ही सर्वांत स्वच्छ व्यवस्था होय. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी वेग आणि सोयींच्या तक्त्यांनी उत्तर दिले जाते. गोव्यातील घरासाठी मी कसोटीचा क्रम बदलेन. जुलैच्या पावसात माडाची झावळी तारेवर पडून वीज गेली, ती आली, पुन्हा गेली, आणि त्यात डिस्क निकामी झाली, तर त्या चारही व्हीएम किती वेळात आणि किती कमी कटकटीत परत उभ्या राहतील, हा प्रश्न आधी विचारावा. वेगाचा विचार त्यानंतर, कारण घरगुती वापरात आजची सर्वच प्रमुख सॉफ्टवेअर पुरेशी वेगवान आहेत.

आधी गरज तपासावी

कागदावर सर्व्हरकडून हवी असलेली कामे लिहून काढावीत आणि प्रत्येकापुढे लागणारी मेमरी मांडावी. होम असिस्टंटला २ जीबी पुरते. हिशेबाच्या विंडोजला ४ जीबीमध्ये कसेबसे भागते, ८ जीबी दिल्यास ते मोकळेपणाने चालते. इमिचसारख्या छायाचित्र-सर्व्हरला चेहरे ओळखण्याचे काम करायचे असल्यामुळे ६ ते ८ जीबी धरावी. या बेरजेत होस्टसाठी, म्हणजे मूळ संगणकासाठी, किमान २ जीबी मिळवावी. बेरीज १६ जीबीच्या वर जाऊ लागली, तर ३२ जीबीचे यंत्र शोधावे किंवा एखादे काम वगळावे.

यादीत एकच काम उरले, उदाहरणार्थ घरातील सर्वांना एकत्र फायली ठेवता येणे, तर व्हर्च्युअलायझेशनच्या वाटेला जाऊ नये. साधे डेबियन (एक लिनक्स प्रणाली) आणि त्यावर सांबा हे फायली वाटून देणारे सॉफ्टवेअर एवढ्याने ते काम होते. यादीतील सर्व कामे लिनक्सवरच चालणारी असतील, तर डेबियनवर डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारे सॉफ्टवेअर, बसवूनही भागते. व्हीएमचे खरे मोल तीन प्रसंगी कळते: विंडोज आणि लिनक्स एकाच पेटीत हवे असतात तेव्हा, एका कामातील बिघाडाचा दुसऱ्याला धक्का लागू द्यायचा नसतो तेव्हा, आणि संपूर्ण व्यवस्था जशीच्या तशी उचलून दुसऱ्या यंत्रावर न्यायची असते तेव्हा. आमच्या हवामानात हा तिसरा प्रसंग सर्वांत अधिक वेळा येतो.

यंत्र काय पेलू शकते

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी हाती असलेले किंवा घ्यायचे असलेले यंत्र नीट पाहावे, कारण अर्धी निवड तेथेच होऊन जाते. प्रोसेसरमध्ये व्हीएम चालवण्याची सोय, म्हणजे इंटेलचे व्हीटी-एक्स किंवा एएमडीचे एएमडी-व्ही, हवी. ही सोय २००५-०६ पासून येऊ लागली आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक प्रोसेसरमध्ये असते, परंतु अनेकदा बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत, ती बंद ठेवलेली असते. विंडोज चालू असल्यास टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढे ती सुरू आहे की नाही ते दिसते. बायोसमध्ये इंटेलच्या यंत्रावर ती ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाने आणि एएमडीच्या यंत्रावर बहुधा ‘एसव्हीएम मोड’ या नावाने सापडते. ग्राफिक्स कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर थेट एखाद्या व्हीएमच्या हवाली करायचा असेल, तर इंटेलचे व्हीटी-डी किंवा एएमडीचे आयओएमएमयूही सुरू करावे लागते.

बायोसमध्ये शिरलातच, तर आणखी एक गोष्ट तेव्हाच करून घ्यावी. वीज परत आल्यावर यंत्राने काय करावे, याची एक नोंद तेथे असते आणि बहुतेक यंत्रांत ती ‘बंद राहावे’ अशी असते. ती ‘सुरू व्हावे’ अशी करावी, अन्यथा तुम्ही पुण्याला लेकीकडे गेलेले असताना दोन मिनिटांसाठी गेलेली वीज सर्व्हरला तुम्ही परत येईपर्यंत झोपवून ठेवील.

विजेचा हिशेबही याच वेळी करावा. चोवीस तास चालणारे यंत्र सरासरी १२ वॅट घेत असेल, तर तीस दिवसांत सुमारे ८.६ युनिट होतात. तेच एखाद्या कार्यालयातून निघालेले जुने टॉवर ५० वॅट घेत असेल तर ३६ युनिट. इंटेल एन१०० प्रोसेसरची लहान यंत्रे याच कारणाने लोकप्रिय झाली. चार कोअर आणि ६ वॅटचे टीडीपी, म्हणजे उष्णतेचे ठरवलेले प्रमाण, असलेला हा प्रोसेसर वर सांगितलेल्या घरगुती यादीला पुरतो, मात्र इंटेलच्या तांत्रिक माहितीत त्याची कमाल मेमरी १६ जीबी दिलेली आहे. जुने टॉवर स्वस्त मिळते आणि त्यात डिस्क बसवायला जागा असते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

शेवटी नेटवर्क कार्ड पाहावे. स्वस्त मिनी पीसींत बहुधा रिअलटेकची चिप असते. लिनक्सवर आधारलेल्या सॉफ्टवेअरला तिचे वावडे नाही. व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्सआय या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरने मात्र २०२० च्या सातव्या आवृत्तीत जुन्या लिनक्स पद्धतीचे ड्रायव्हर चालवणे बंद केले, आणि तेव्हापासून अशा यंत्रांवर ते बसवणे ही एक स्वतंत्र खटपट होऊन बसली आहे.

पर्यायांची पारख

पुस्तकी वर्गीकरणानुसार हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर, दोन प्रकारचे असतात: थेट यंत्रावर बसणारे आणि विंडोज किंवा लिनक्सच्या आत एक प्रोग्रॅम म्हणून चालणारे. २००७ मध्ये केव्हीएम हे हायपरव्हायझर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, सामावले गेल्यापासून ही रेषा पुसट झाली आहे. घरच्या सर्व्हरपुरते एवढेच लक्षात ठेवावे की सॉफ्टवेअर यंत्र सुरू होताच, कोणी लॉगिन न करता, व्हीएम उभ्या करणारे असावे.

या एका निकषावर व्हर्च्युअलबॉक्स मागे पडते. ते शिकण्यासाठी आणि एखादी प्रणाली तासाभरासाठी चालवून पाहण्यासाठी उत्तम आहे, परंतु चोवीस तासांच्या कामासाठी ते घडवलेले नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो आता विनामूल्य मिळत असले, तरी त्यालाही हेच लागू होते.

विंडोजमधील हायपर-व्हीचा विचार एका विशिष्ट परिस्थितीत करावा. यंत्रावर विंडोजची प्रो आवृत्ती आधीपासून आहे, त्याच संगणकावर घरातील कोणी रोज बसून काम करते आणि त्यातच एक-दोन व्हीएम चालवायच्या आहेत, तर हायपर-व्ही सुरू करणे हे सर्वांत कमी श्रमाचे काम आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत ते मिळत नाही. त्याची मोठी उणीव यूएसबी उपकरणांबाबत आहे: दिव्यांशी बिनतारी बोलणारा झिगबीचा डोंगल व्हीएमच्या हवाली करण्याची सरळ सोय त्यात नाही, त्यामुळे होम असिस्टंट वापरणाऱ्याने त्यापासून दूर राहिलेले बरे. विंडोजच्या अद्ययावतीकरणाला होस्टच पुन्हा सुरू करावा लागतो आणि त्याबरोबर सगळ्या व्हीएम थांबतात, हेही ध्यानात घ्यावे.

ईएसएक्सआयची कहाणी थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण विनामूल्य सॉफ्टवेअर निवडताना कोणता धोका पत्करावा लागतो ते तिच्यातून स्पष्ट होते. अनेक वर्षे घरगुती प्रयोगशाळांत विनामूल्य ईएसएक्सआय हीच प्रमाण निवड होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये विनामूल्य आवृत्ती बंद केली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा उपलब्ध करून दिली. सॉफ्टवेअर तांत्रिकदृष्ट्या भक्कम आहे, यात वाद नाही. परंतु विनामूल्य आवृत्तीत बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीचा अधिकृत मार्ग बंद ठेवलेला असतो, आणि आपली पहिली कसोटीच पुनर्प्राप्तीची आहे. नोकरीच्या ठिकाणी व्हीएमवेअर वापरले जाते म्हणून सरावासाठी ते हवे असेल, तर दुसऱ्या यंत्रावर बसवावे. घरची छायाचित्रे त्याच्या भरवशावर ठेवू नयेत.

एक्ससीपी-एनजी हे झेन या हायपरव्हायझरवर उभे आहे. केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या झेनवर सिट्रिक्सने झेनसर्व्हर चालवले, आणि त्यातील सोयी विनामूल्य आवृत्तीतून कमी झाल्यावर २०१८ मध्ये फ्रान्समधील वेट्स कंपनीच्या पुढाकाराने ही मुक्त शाखा निघाली. तीन-चार होस्ट एकत्र सांभाळायचे असतील तर त्याची मांडणी फार सुरेख आहे. एका घरात, एका यंत्रावर मात्र झेन ऑर्केस्ट्रा नावाचे व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर वेगळ्या व्हीएममध्ये चालवावे लागते, बॅकअपही त्याच्याचकडून घ्यावे लागतात, आणि जुन्या व्हीएचडी स्वरूपाच्या आभासी डिस्कला २ टीबीची मर्यादा पडते. सीसीटीव्हीच्या साठ्याला ही मर्यादा लवकर जाचते.

डिस्का आणि साठा हेच मुख्य काम असेल आणि व्हीएम एखादीच असेल, तर ट्रूनॅस किंवा अनरेड पाहावे. पहिले विनामूल्य आहे, दुसऱ्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. लिनक्सची टर्मिनल खिडकी ज्याला परकी वाटत नाही, त्याने साध्या डेबियनवर व्हीएम सांभाळणारे लिबव्हर्ट आणि ते ब्राउझरमधून चालवू देणारे कॉकपिट बसवून पाहावे. त्यात अनावश्यक काही नसते, पण बॅकअपची घडी आपल्यालाच बसवावी लागते.

राहिले प्रॉक्समॉक्स व्हीई. घरच्या सर्व्हरसाठी मी दहापैकी आठ जणांना तेच सुचवीन. व्हिएन्नातील कंपनीने २००८ मध्ये आणलेले हे सॉफ्टवेअर डेबियनवर आधारलेले आहे, त्याची २०२५ मधील नववी आवृत्ती डेबियन १३ वर उभी आहे. ते केव्हीएमच्या व्हीएम आणि एलएक्ससी कंटेनर (होस्टचाच कर्नल वापरणारे हलके कप्पे) ही दोन्ही एकाच ब्राउझर-पानावरून सांभाळते. त्याचा स्रोत एजीपीएल परवान्याखाली खुला आहे, आणि वर्गणी न भरताही कोणतीही सोय अडवून धरली जात नाही; वर्गणीदारांना अधिक पारखलेले अद्ययावत संच आणि तांत्रिक मदत मिळते, एवढाच फरक. मुख्य म्हणजे बॅकअप, परतावा आणि वेळापत्रक त्यातच अंगभूत आहे, आणि होस्ट हा खरा डेबियन असल्यामुळे यूपीएसशी बोलणारे नट हे सॉफ्टवेअर त्यावर सरळ बसते. त्याचे दोष? पडदे माहितीने खच्चून भरलेले आहेत, आणि नवख्याला साठ्याचे प्रकार समजायला वेळ लागतो.

वीज, डिस्क आणि साठ्याची पद्धत

येथे घाई करू नये. घरचा इन्व्हर्टर आणि संगणकाचा यूपीएस ही एकच वस्तू नव्हे. इन्व्हर्टर वीज पुरवतो, परंतु बॅटरी संपत आली हे तो सर्व्हरला सांगत नाही. त्यामुळे दीर्घ खंडितकाळाच्या अखेरीस सर्व्हर अचानक बंद पडतो आणि डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहतो. यूएसबीचे संपर्क-पोर्ट असलेला लहान यूपीएस घेऊन तो नट किंवा तत्सम सॉफ्टवेअरशी जोडावा, बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की आधी व्हीएम आणि मग होस्ट शिस्तीत बंद होतील अशी मांडणी करावी, आणि यूपीएसमागे इन्व्हर्टर असला तर उत्तमच. यूपीएस घेण्यापूर्वी त्याचे मॉडेल नटच्या यादीत आहे का ते पाहावे. जुन्या घरांत अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय यूपीएसच्या सर्ज-संरक्षणावर विसंबू नये, कारण ते संरक्षण अतिरिक्त दाब बऱ्याच अंशी जमिनीत उतरवून काम करते.

आता साठ्याची पद्धत. प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर एक्स्ट४ आणि झेडएफएस या फाइल-व्यवस्थांचे मुख्य पर्याय देतो. झेडएफएस प्रत्येक खंडाचा चेकसम, म्हणजे माहिती बिघडली का ते तपासण्याचा आकडा, ठेवते, लिहिलेल्या जागेवर पुन्हा न लिहिता नवी जागा वापरते, आणि त्यामुळे अवेळी वीज गेली तरी फाइल-व्यवस्था सुसंगत राहते. दोन डिस्का जोडीने लावल्या तर एक गेल्यावर दुसरी काम चालू ठेवते, आणि डिस्क चुकीची माहिती देऊ लागली तर ती चूक पकडली जाते. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक मेमरी: पूर्वी ते अर्धी मेमरी कॅशसाठी धरत असे, आता नव्या स्थापनेत इन्स्टॉलर ती १० टक्क्यांवर रोखतो. दुसरी एसएसडीची झीज: लेखनाचे प्रमाण वाढते, आणि अगदी स्वस्त एसएसडी त्याखाली लवकर थकतात. दोन बऱ्या प्रतीच्या डिस्का आणि १६ जीबी मेमरी असेल तर झेडएफएस घ्यावे. एकच डिस्क आणि ८ जीबी असेल तर एक्स्ट४ आणि नियमित बॅकअप हा अधिक समंजस मार्ग आहे. आभासी डिस्कच्या कॅशची निवड मूळ ‘नो कॅश’ अशीच ठेवावी. ‘अनसेफ’ नावाचा पर्याय वेगवान दिसतो. त्याचे नाव त्याच्या स्वभावाप्रमाणेच आहे.

सर्व्हर कुठे ठेवावा, हेही याच प्रकरणात येते. कौलांखालच्या माळ्यावर मे महिन्यात ऊन तापते आणि जूनमध्ये ठिबकते. स्वयंपाकघराजवळ तेलकट धूर असतो, समुद्रालगतच्या गावांत खारी हवा जोडण्यांवर गंज चढवते. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, हवा खेळती राहील अशा फळीवर तो ठेवावा. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून वायफाय नीट जात नाही, म्हणून राउटरपासून सर्व्हरपर्यंत केबलच ओढावी.

बसवण्याचा क्रम

प्रॉक्समॉक्सची आयएसओ फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी, चेकसम पडताळावा आणि एचरसारख्या साधनाने पेनड्राइव्हवर उतरवावी. इन्स्टॉलर निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो, त्यामुळे महत्त्वाचे काही असलेली डिस्क त्या वेळी काढूनच ठेवावी. नेटवर्कच्या पानावर स्थिर आयपी पत्ता द्यावा आणि तो राउटरच्या आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या पट्ट्याबाहेरचा असावा.

स्थापना झाल्यावर दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्या पत्त्यापुढे ८००६ हे पोर्ट लिहून पान उघडावे. ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल इशारा देईल, कारण ते प्रमाणपत्र सर्व्हरने स्वतःच तयार केलेले असते. लॉगिन करताच वैध वर्गणी नाही असा संदेश दिसतो आणि अनेक जण येथे दचकतात. ती त्रुटी नव्हे, सूचना आहे. रेपॉझिटरीच्या, म्हणजे अद्ययावत संच जिथून येतात त्या साठ्यांच्या, पानावर एंटरप्राइझ रेपॉझिटरी बंद करून वर्गणीविरहित रेपॉझिटरी जोडावी आणि सर्व अद्ययावत संच बसवून घ्यावेत. हे पान राउटरमधून इंटरनेटवर उघडे करू नये. बाहेरून पोहोचायचे असल्यास वायरगार्ड किंवा टेलस्केल या सुरक्षित खासगी जोडणीचा मार्ग वापरावा.

पहिली व्हीएम तयार करताना प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ निवडावा, म्हणजे मूळ प्रोसेसरच्या सर्व क्षमता तिला मिळतात. डिस्क आणि नेटवर्क दोन्हींसाठी व्हर्टआयओ, म्हणजे व्हीएमसाठीच बनवलेल्या वेगवान आभासी उपकरणांचा प्रकार, घ्यावा. विंडोजकडे व्हर्टआयओचे ड्रायव्हर नसतात, त्यामुळे स्थापनेच्या वेळी त्याला डिस्कच दिसत नाही. ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या आभासी सीडीवर जोडून ‘लोड ड्रायव्हर’ करावे. विंडोज ११ ला टीपीएम ही सुरक्षा-चिप लागते आणि ती प्रॉक्समॉक्स आभासी रूपात पुरवते. विंडोजचा परवाना व्हीएमसाठीही लागतोच. प्रत्येक व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट हा होस्टशी बोलणारा लहान प्रोग्रॅम बसवावा, कारण शिस्तीत बंद होणे आणि सुसंगत बॅकअप ही दोन्ही कामे त्याच्या मदतीने चोख होतात. डॉकर चालवायचे असल्यास एलएक्ससी कंटेनरऐवजी पूर्ण व्हीएममध्ये चालवावे. त्यानंतर प्रत्येक व्हीएमला आपोआप सुरू होण्याची खूण करून क्रम ठरवावा: फायलींचा साठा आधी, त्यावर विसंबणारे छायाचित्र-सर्व्हर नंतर, मध्ये एखाद्या मिनिटाचे अंतर.

निवड पक्की करण्यापूर्वीची परीक्षा

कोणतेही सॉफ्टवेअर कायमचे स्वीकारण्यापूर्वी खरी माहिती न ठेवता त्याची परीक्षा घ्यावी. एक लहान व्हीएम तयार करून तिच्यात काही फायली टाकाव्यात, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर तिचा बॅकअप घ्यावा, आणि मग होस्ट पूर्ण पुसून सॉफ्टवेअर नव्याने बसवावे. त्या बॅकअपमधून व्हीएम परत उभी राहते का, आणि ते करताना किती वेळा शोधाशोध करावी लागली, हे लिहून ठेवावे. यानंतर व्हीएम चालू असताना यूपीएसचा प्लग भिंतीतून काढावा आणि सर्व काही क्रमाने बंद होते का ते पाहावे, वीज जोडल्यावर आपोआप सुरू होते का तेही पाहावे. ज्या सॉफ्टवेअरवर हे दोन प्रयोग तुम्हाला एकट्याने जमले, ते तुमच्यासाठी योग्य आहे, मग तक्त्यांत त्याचा क्रमांक कितवाही असो.

स्नॅपशॉटला, म्हणजे व्हीएमच्या एका क्षणाच्या स्थितीच्या नोंदीला, बॅकअप समजू नये. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो आणि डिस्कबरोबर जातो. रोजचा बॅकअप यूएसबी डिस्कवर, आणि आठवड्याला एक प्रत घराबाहेर, म्हणजे फोंड्याच्या घराची मडगावला बहिणीकडे, अशी सोय असावी. जुना संगणक पडून असेल तर त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवावा. तो केवळ बदललेले भाग साठवतो, त्यामुळे घरगुती इंटरनेटवरूनही दूरची प्रत अद्ययावत ठेवता येते. व्हीएमच्या बॅकअपमध्ये होस्टची स्वतःची मांडणी येत नाही, म्हणून नेटवर्क, साठा आणि यूपीएसच्या नोंदी असलेल्या फायलींची प्रत वेगळी ठेवावी, आणि आयपी पत्ते व डिस्कांची नावे एका वहीत लिहावीत. पासवर्डही घरातील आणखी एका माणसाला सापडेल अशा जागी असावेत.

बाहेर पडण्याची वाटही आधीच पाहून ठेवावी. आभासी डिस्का क्यूकाऊ२, व्हीएमडीके आणि व्हीएचडीएक्स अशा स्वरूपांत असतात, आणि क्यूईएमयू-आयएमजी हे विनामूल्य साधन त्यांचे एकमेकांत रूपांतर करते. ईएसएक्सआयवर आधीच व्हीएम चालवणाऱ्यांसाठी प्रॉक्समॉक्सने २०२४ मध्ये थेट आयात करण्याची सोय दिली. रूपांतरानंतर विंडोज सुरू होत नसेल, तर डिस्कचा प्रकार तात्पुरता साटा किंवा आयडीई करून विंडोज सुरू करावे, एक लहान रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडून ड्रायव्हर बसवून घ्यावेत, आणि मगच मूळ डिस्क व्हर्टआयओवर न्यावी. जुनी व्हीएम नवी नीट चालल्याची खात्री होईपर्यंत पुसू नये, मात्र दोन्ही एकाच वेळी सुरू करू नयेत, कारण एकाच आयपी पत्त्यावर दोन यंत्रे हक्क सांगू लागतात.